मडगार्डचा रंग कोण जुळवतं

मी खोटारडी नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे ते ऐकून कुणालाही तसं वाटेल. शेजारणीने नवा पडदा लावून 'कसा दिसतो गं?' विचारलं, तर 'भडक दिसतो' म्हणून तोंडावर सांगणारी बाई मी. माझी धाकटी बहीण म्हणते, तुझ्या जिभेला काही हाड आहे का! पण याच जिभेने मी चौदा महिने माझ्या नवऱ्याशी जे बोलायला हवं होतं ते बोलले नाही.

आमचं दुकान सायकली रंगवायचं. मडगार्ड रंगवायचं म्हटलं तरी चालेल, कारण दहातली आठ कामं मडगार्डचीच. सायकलचा सांगाडा तीस-तीस वर्षं टिकतो, मडगार्ड बिचारी चिखल खाऊन सडतात. बाजारात नवीन जोडी मिळते ती काळी, नाहीतर चकचकीत पत्र्याची. माणसाचा जीव असतो जुन्या सायकलवर. त्याला सगळी सायकल नव्याने रंगवायची नसते, नवीन मडगार्ड तेवढी जुन्या रंगात हवी असतात. बोलायला सोपं आहे. पण तो रंग कंपनीच्या शेडकार्डात सापडत नाही. कंपनीने दिलेला रंग उन्हापावसाने केव्हाच बदललेला असतो, आणि त्या बदललेल्या रंगाला जोड बनवायची तर नजर लागते. ती नजर आमच्या उस्तादांची.

उस्ताद म्हणजे माझा नवरा. अख्खी गल्ली त्यांना उस्ताद म्हणते, मीही पाठीमागे तेच म्हणते, समोर 'अहो'. काम करायची त्यांची एक पद्धत आहे. सायकल दारात उजेडाला उभी करायची. छोट्या डब्यात रंग कालवायचा, चमच्याने, थेंबाथेंबाने. पत्र्याच्या बोटभर पट्टीवर एक हात मारायचा. पट्टी वाळू द्यायची, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग म्हणजे सासरचं आणि माहेरचं बोलणं, एक कधीच नसतं. मग पट्टी सांगाड्याला लावून बघायची. जुळलं की उठायचं, मागच्या अंगणात जाऊन स्प्रे गन थिनरने धुवायची, तोंडाला मास्क बांधायचा आणि येऊन फवारा मारायचा. मी शेजारी बसून पॉलिश पेपरने नवीन मडगार्ड घासून ठेवायची. अठ्ठावीस वर्षं माझं काम तेवढंच. घासायचं, पुसायचं, आणि गिऱ्हाईकाशी गोड बोलायचं. यातलं शेवटचं मला फारसं जमत नाही.

चौदा महिन्यांपूर्वी एक पोस्टमन आपली मोतिया रंगाची सायकल घेऊन आला. उस्तादांनी रंग कालवला, पट्टी लावली, म्हणाले, "बघ, सांधा दिसतोय का?" मी बघितलं. सांधा काय, दरी दिसत होती. सायकल मोतिया आणि पट्टी धुतलेल्या चादरीसारखी पांढरीफटक.

मला वाटलं, थट्टा करतायत. पण ते उठून मागे गन धुवायला गेले.

या माणसाने एकदा राखाडी सायकलीला जोड देताना तीन दिवस घातले होते, कारण मालकाला न दिसणारा फरक याला दिसत होता. आणि आज पांढरा आणि मोतिया कळू नये? माझी बोलायची तयारी होती, अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मागून त्यांचं गुणगुणणं ऐकू आलं. काम जुळलं की ते असे गुणगुणतात. माझ्याने बोलवेना. मी पिवळ्याच्या डब्यातून तीन थेंब घेतले, तपकिरीचा एक, ढवळलं, नवीन पट्टी मारून बघितली, अजून एक थेंब टाकला. ते आले, रंग गनमध्ये ओतला, फवारला. त्यांना काही कळलं नाही. कळलं असतं तर चुकलेच नसते. पोस्टमन खूश होऊन गेला.

मी म्हटलं, एकदाच. डोळ्यात कचरा गेला असेल, झोप झाली नसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कसलं एकदाच! पुढच्या आठवड्यात आकाशी. मग जांभळा. निळा ज्यात ज्यात म्हणून असेल तिथे त्यांची फसगत व्हायची. लाल, विटकरी, काळा असला की मी निवांत असायची. निळ्याच्या आसपासचं काही आलं की कान टवकारून बसायची. ते अंगणात गेले की माझ्या हाती दहा मिनिटं असायची. त्यात मी थेंब टाकायची, पट्टी मारायची, हेअर ड्रायरने वाळवायची, बघायची, पुन्हा टाकायची. त्यांची चुकलेली पट्टी आणि माझी सुधारलेली पट्टी, दोन्ही दोऱ्याने बांधून बिस्किटाच्या जुन्या डब्यात ठेवायची. फेकून का दिल्या नाहीत? ते नंतर सांगते.

त्या चौदा महिन्यांत एकही काम परत आलं नाही. आणि उस्ताद? उस्ताद फुलले. "वय होतं तशी नजर मुरते," असं गिऱ्हाइकांना सांगू लागले. "पूर्वी दहात एखादं काम परत यायचं. आता? विचारा हिला." मी पॉलिश पेपर घासत मान हलवायची. माझा भाऊ एकदा म्हणाला, "दाजी, एकदा डोळे तपासून घ्या, या वयात घ्यावेत." तर त्याला हसून म्हणाले, "माझे डोळे? अरे, तुझेच तपासून घे." मी मनात म्हटलं, बाई गं, हे तू करून ठेवलंयस. तू थेंब टाकले नसतेस तर हा माणूस पहिल्याच महिन्यात डॉक्टरकडे गेला असता.

मग भाचीचं बाळंतपण आलं. बहीण एकटी पडली होती, सहा दिवसांसाठी तरी ये म्हणाली. नाही कसं म्हणणार? निघताना मी उस्तादांना दहादा बजावलं, "मी येईपर्यंत जुळवायची कामं घेऊ नका. काळी मडगार्ड पडलीत बारा, ती उरका."

"का? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"मला तुमच्या हाताशी बसायला आवडतं म्हणून."

हे ऐकून लाजले. लाजले हो! पंचावन्नाव्या वर्षी. मला स्वतःची लाज वाटली.

सहा दिवस मी तिकडे बाळाचे लंगोट वाळत घालत होते आणि जीव इकडे टांगलेला. परत आले तर दुकानाच्या दारात माझी सायकल उभी. माझी, घरातली, बाजारहाटाची. तिची दोन्ही मडगार्ड वर्षभर खडखडत होती, बदलू बदलू म्हणत राहून गेली होती. आता नवीन होती. निळी. म्हणजे कशी निळी सांगू, प्लॅस्टिकच्या बादल्या असतात ना, तशी. दुपारच्या उन्हात बघवत नव्हती.

उस्ताद मागे हात बांधून उभे. "ओळख पाहू, कुठला रंग?"

मी डोकं खाजवलं. "बादली..." एवढंच तोंडातून निघालं.

"काय बादली? नीट बघ."

"तुम्हीच सांगा."

"तुझं स्वेटर," ते म्हणाले. "मी पहिल्यांदा तुमच्या घरी आलो तेव्हा तू घातलं होतंस ते. धुरकट निळं. शेडकार्डात नाही तो रंग. पाच दिवस लागले मला, डोक्यातून काढून कालवायला."

स्वेटर मला आठवत होतं. राखेत निळीचा हलका हात फिरवावा, तेवढंच निळं होतं ते. अठ्ठावीस वर्षं या माणसाने ते डोक्यात जपलं होतं, आणि आता बाहेर काढताना त्याला निळा दिसेना म्हणून ओततच गेला, ओततच गेला, त्याच्या डोळ्यांना जुळेपर्यंत. मला रडू आलं. त्यांना वाटलं, आनंदाने.

"छान आहे," मी म्हणाले. "अगदी तेच."

बस. हे मात्र खरंखुरं खोटं. थेंब टाकणं मी खोट्यात धरत नव्हते, ते काम होतं. पण हे त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणिताच्या बाई आल्या. शाळेत शिकवतात, पलीकडच्या रस्त्यावर राहतात, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांची सायकल शेवाळी हिरवी. मी नव्हते तेव्हा मडगार्ड जुळवायला देऊन गेल्या होत्या आणि आदल्या दिवशी संध्याकाळी, मी घरी स्वयंपाकात असताना, घेऊन गेल्या होत्या. आता सायकल दारात लावून म्हणाल्या, "उस्ताद, काल संध्याकाळचा उजेड कमी होता, लक्षात नाही आलं. हे हिरवं नाहीये हो. हे निळं आहे."

उस्ताद वाकून बघायला लागले. पुढून बघितलं, मागून बघितलं. पुन्हा पुढून. मी जागेवरूनच बघितलं आणि मान खाली घातली.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय."

"चष्मा गेल्याच महिन्यात बदललाय."

"मग डॉक्टर बदला." आवाज चढायला लागला होता. "चौदा महिन्यांत या दुकानातून एक काम परत आलेलं नाही. एक! तीस वर्षं रंग जुळवतोय मी. माझ्या नजरेवर शंका घेताय? विचारा हिला. हिच्यासमोर सगळी कामं झालीत. ही कुणाची भीड ठेवत नाही. सांग गं, जुळतंय की नाही?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. माझ्या हातात पॉलिश पेपर होता. मला जुळतंय म्हणता आलं असतं. बाई भांडखोर नाहीत, गेल्या असत्या बिचाऱ्या कुरकुरत. मग मी मागून त्यांना गाठून म्हटलं असतं, उद्या द्या परत, नीट करून देते. मला हे सगळं एका क्षणात सुचलं. चौदा महिन्यांत इतकी तरबेज झाले होते मी.

पण ते माझ्याकडे ज्या विश्वासाने बघत होते ना, तो बघवेना.

"जुळत नाही," मी म्हणाले.

"काय?"

"जुळत नाही हो. बाई म्हणतात ते बरोबर आहे. निळं झालंय."

उस्ताद पाने घेऊन खाली बसले, बाईंची दोन्ही मडगार्ड सोडवली आणि आत नेऊन ठेवली. "दोन दिवसांनी या," एवढंच म्हणाले. बाई गेल्या. मग त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

"काल तुझ्या सायकलला छान म्हणालीस," ते म्हणाले. त्यांनी विचारलं ते एवढंच. बाईंचं नाही, धंद्याचं नाही.

मी उठले आणि बिस्किटाचा डबा आणला. झाकण उघडून सगळ्या पट्ट्या टेबलावर ओतल्या. दोऱ्याने बांधलेल्या एक्केचाळीस जोड्या. प्रत्येक जोडीवर चिकटपट्टीवर लिहिलेलं, पोस्टमन, दूधवाला, लायब्ररीतली मुलगी, दाताचे डॉक्टर.

"हे काय आहे?"

"यातली एक तुमची, एक माझी. तुम्ही गन धुवायला जायचात तेव्हा मी रंग सुधारायची."

त्यांनी एक जोडी उचलली. दोरा सोडला, दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या. दारापाशी उजेडात नेल्या. मग दुसरी जोडी. मग तिसरी. पाठमोरे उभे राहून ते बघत होते आणि मी त्यांच्या मानेकडे बघत होते. कितीतरी वेळाने त्यांनी एक जोडी माझ्यासमोर धरली. "यातली माझी कुठली?"

"ही. डावी."

"आणि यातली?"

"उजवी."

असं त्यांनी एक्केचाळीस वेळा विचारलं. एकदाही त्यांना फरक दिसला नाही आणि एकदाही मी अडखळले नाही. विसाव्या-बाविसाव्या जोडीला त्यांचा आवाज गेला, नुसतीच पट्टी पुढे करायला लागले. मी म्हटलं, "पुरे करा ना." तर मानेनेच नाही म्हणाले. शेवटची जोडी झाल्यावर स्टुलावर बसले आणि म्हणाले, "म्हणजे चौदा महिने मी कुणी नव्हतोच इथे. गन धुणारा पोऱ्या."

"असं काय बोलता! तुमच्यासाठीच केलं मी."

"माझ्यासाठी असतं तर मला सांगितलं असतंस."

दोन दिवस ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. जेवण वाढलं की जेवत. भांडले असते तर मी चार सुनावले असते, भांडायला मी काही कमी नाही. पण गप्प माणसाशी भांडणार कसं? तिसऱ्या दिवशी सकाळी बूट घालून उभे राहिले आणि म्हणाले, "चल. डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तू पण."

दवाखान्यात त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले आणि अर्धा तास डोळे मिटून बसायला लावलं. शेजारी मीही बसले. मिटल्या डोळ्यांनी ते म्हातारे दिसत होते. मग आत बोलावलं. डॉक्टर तरुण होते, तोंडाने फटकळ, मला तसे लोक एरवी आवडतात. त्यांनी दोन्ही डोळे तपासले, यंत्र बाजूला सारलं आणि म्हणाले, "मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे. चांगला पिकलाय. आजोबा, काम काय करता तुम्ही?"

"रंगारी. सायकलचे रंग जुळवतो."

"रंग जुळवता? या डोळ्यांनी?" डॉक्टर माझ्याकडे वळले. "यांना सगळं पिवळट काचेतून बघितल्यासारखं दिसत असणार, निळा तर जवळजवळ गेलाच असेल. वर्षभर तरी चालू असेल हे. एवढे दिवस घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

मी तोंड उघडलं. पण त्याआधी उस्तादच बोलले.

"लक्षात आलं होतं. ही केव्हाची मागे लागली होती, चला चला म्हणून. मीच टाळत होतो."

डॉक्टरांनी मान हलवली. "ऐकत जा बायकोचं," म्हणाले आणि लिहायला लागले. प्रकरण तिथे मिटत होतं. मला सांभाळून घेतलं होतं त्यांनी, दोन दिवसांच्या अबोल्यानंतर, आणि तेही अगदी मी त्यांना सांभाळून घ्यायची त्याच पद्धतीने. मला बरं वाटायला हवं होतं. पण राहवेना.

"खोटं बोलतायत," मी म्हणाले. "मी एकदाही मागे लागले नाही. मला चौदा महिने माहीत होतं आणि मी लपवलं."

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"पहिल्यांदा यांना वाईट वाटू नये म्हणून लपवलं," मी म्हणाले. आता डॉक्टरांशी बोलत होते की कुणाशी, कोण जाणे. "तीन-चार कामं तशी झाली. मग मला ते आवडायला लागलं. अठ्ठावीस वर्षं मी नुसती मडगार्ड घासली. कुणी मला विचारलं नाही, मला रंग कळतो का. मलासुद्धा माहीत नव्हतं. त्या पट्ट्या मी फेकल्या नाहीत, कारण मी त्यांवरून शिकत होते. निळ्यातलं काम आलं की मी खूश व्हायची. हे बरे झाले तर मला पुन्हा पॉलिश पेपर धरावा लागेल, हेही माझ्या मनात यायचं. आलंय. पुष्कळदा."

बोलून झालं आणि मी पदराने नाक पुसलं. डॉक्टर बिचारे अवघडून टेबलावरचं काहीतरी सारखं करत बसले. उस्ताद माझ्याकडे वळले. थेंबांमुळे त्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, माझा चेहरा त्यांना धड दिसतही नसणार. तरी बघत राहिले.

"एक्केचाळीसही तू जुळवलीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"त्या दाताच्या डॉक्टरची पण? जांभळटसर राखाडी, ती?"

"ती दोनदा करावी लागली. दहा मिनिटांत होईना. तेव्हा तुम्हाला दूध आणायला पाठवलं होतं मी."

त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला. मग ते डॉक्टरांकडे वळले.

"डॉक्टर, ऑपरेशन झाल्यावर रंग पूर्वीसारखे दिसतील ना मला?"

"दिसतील. पण लगेच कामाची घाई करायची नाही हं."

"काम ही करते," ते म्हणाले. "गेलं वर्षभर दुकानातला रंग ही जुळवते आणि मी तो अजून एकदाही बघितलेला नाही. तो मला बघायचाय."

डॉक्टर म्हणाले, "दिसेल," आणि तारीख लिहून दिली.